मदत हवी आहे: जपानी सुरी, ग्युतो की सांतोकू?

घाईगडबड: घरच्या स्वयंपाकासाठी चांगली जपानी सुरी घ्यायची आहे. एक ग्युतो (लांब, टोकदार) आणि एक सांतोकू (आखूड, रुंद) निवडून ठेवली आहे, दोन्ही व्हीजी-१० या स्टेनलेस पोलादाच्या. आज रात्री ऑर्डर टाकणार. कोणती घेऊ? लिंका नकोत, सरळ सांगा.

लोहगंध: लांबी किती? आणि कापता काय काय?

निवांत: दोन्ही सोडा, शिरोगामी, म्हणजे जपानी कार्बन स्टीलची घ्या. कार्बन स्टीलची धार स्टेनलेसला येत नाही म्हणजे नाही. माझ्या पात्यावर काय सुंदर निळसर करडा रंग चढलाय!

लोहगंध: निवांतराव, लिंबू कापून सुरी तशीच ओट्यावर टाकली की तुमच्या त्या सुंदर पात्यावर तांबूस डाग. सारखी पुसत बसणारी माणसं वेगळी. इथे धागाकर्त्याला रात्रीपर्यंत दम निघत नाहीये.

घाईगडबड: २१० मिमी आणि १७० मिमी. सगळंच कापतो. भाज्या, चिकन.

लोहगंध: चिकन हाडासकट?

घाईगडबड: हो. सुरीच आहे ना?

लोहगंध: थांबा मग. व्हीजी-१० कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण ६०-६१ ला असतं, नेहमीची जर्मन सुरी ५६ च्या आसपास. कडक पोलाद धार धरून ठेवतं, पण हाडावर आपटलं की टवका उडतो. पातंही पातळ, धारेचा कोन एका बाजूला १५ अंशांच्या आसपास. हाडांना जाड पात्याची वेगळी सुरी ठेवा. गोठलेलं मांस हिने कापायचं नाही, भोपळ्यात रुतली तर पिळायची नाही.

मनीप्लांट: दमास्कसवाली, थरांची नक्षी असलेली घ्या, इतके थर म्हणजे मजबूत.

लोहगंध: ती नक्षी बाहेरच्या थरांची. कापते ती मधली पट्टी.

सुगरणबाई: कांदा आधी फ्रिजमध्ये ठेवला तर डोळे झोंबत नाहीत.

निवांत: ताई, धागा सुरीचा आहे.

सुगरणबाई: माहितीये. कांदा सुरीनेच कापतात.

लोहगंध: घाईगडबड, धार कशी लावणार? आणि कापता कशावर?

घाईगडबड: खाचेतून ओढायचं यंत्र आहे. बोर्ड काचेचा, पटकन पुसला जातो. पण प्रश्न सुरीचा होता!

लोहगंध: काचेवर कुठलीच धार टिकत नाही, लाकडी बोर्ड घ्या. ते यंत्रही या सुरीला लावू नका, धारेचे बारीक तुकडे पडतात. धार लावायचा १००० ग्रिटचा दगड आणा (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). एका बाजूने घासत राहायचं. दुसऱ्या बाजूला, टाचेपासून टोकापर्यंत, बोटाला बारीक खरखर लागली की पलटायचं.

निवांत: १००० वर थांबायचं? ६००० शिवाय धार कसली!

लोहगंध: टोमॅटोची साल १००० वरच छान पकडली जाते. ६००० ची हौस नंतर.

घाईगडबड: बरं. मी डावखुरा आहे, फरक पडतो का?

लोहगंध: हे आत्ता सांगताय? ग्युतो-सांतोकू सहसा दोन्ही बाजूंनी घासलेल्या असतात, चालतील. यानागिबा, देबा या मासे कापायच्या सुऱ्या एकाच बाजूने, त्या डावखुऱ्यांसाठी वेगळ्या मिळतात. मूठ बघा, डी आकाराची बहुधा उजव्या हाताची असते.

घाईगडबड: रिव्हेटवाली, पाश्चात्त्य मूठ आहे. म्हणजे ग्युतो?

लोहगंध: टोक टेकवून पातं झुलवत कापता की सरळ वरून खाली?

घाईगडबड: झुलवत.

लोहगंध: ग्युतो, २१०. आधी बोर्ड बदला.

मनीप्लांट: भाज्यांची नाकिरी सुरी कोणीच कशी सुचवली नाही?

निवांत: मी सुचवणारच होतो. शिरोगामीमध्ये.

घाईगडबड: ग्युतो टाकली. आता लाकूड कुठलं चांगलं? लवकर सांगा.