कर्णनाद: कानात तेल घालायचं की नाही? नाशिकमधले अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

वय ५४, राहणार सिडको. गेल्या दिवाळीनंतर एका रात्री बारीक 'कीं' असा आवाज यायला लागला. इन्व्हर्टर वाजतोय वाटलं, म्हणून उठून बंद केला. आवाज तसाच. गॅलरीत गेलो तरी तसाच. मग कळलं, तो माझ्याच कानात आहे. तेव्हापासून एक क्षण थांबलेला नाही. दिवसा कामात विसरायला होतं, पण रात्री गल्ली शांत झाली की रातकिडे उशाशी येऊन बसतात. थंडीतही पंखा फुल्ल लावून झोपतो, त्या घरघरीत जरा बुडतो तो.

कारण मला ठाऊक आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग काढायचा विभाग) २६ वर्षं काढली. इअरप्लग मिळायचे, पण आम्ही ते खिशात ठेवायचो. लावले की मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, आणि डाय (साचा) बिघडलीय हे आधी कानालाच समजतं. त्यात तरुणपणी दहा-बारा गणपती ढोल वाजवला.

आईने लसूण घालून कडवलेलं तेल कानात सोडलं. तिने मायेनेच केलं, पण चार दिवस कान बंद आणि ठणका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. आतला मळ तेलाने फुगला होता, तो काढला. पडदा शाबूत निघाला, नाहीतर तेच तेल मधल्या कानात उतरलं असतं. ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) दोन्ही कानांचा आलेख ४००० हर्ट्झपाशी खाली गेलाय. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचा असाच दिसतो म्हणाले. आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आवाजाची सवय करा, पुढे लागलं तर श्रवणयंत्र बघू, असं सांगितलं. मला पटलं. पण 'सवय करा' म्हणजे रोज काय करायचं, ते विचारायचं राहून गेलं.

नंतर एका ठिकाणी (नाव देत नाही) आयुर्वेदिक उपचारांसाठी गेलो. त्यांनी कानात डोकावून न बघताच २१ दिवसांचं पॅकेज सांगितलं, वर 'शंभर टक्के जाईल' ही खात्री. उठून आलो. पण आयुर्वेदावरचा विश्वास त्यामुळे गेला नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितलेत, त्यात कर्णनाद आहे. वायू शब्दवाहिन्यांत वाट सोडून शिरला की माणसाला तऱ्हेतऱ्हेचे आवाज ऐकू येतात. नंतरच्या माधवनिदान या ग्रंथात ते भेरी, मृदंग, शंखासारखे असं लिहिलंय. तिथेच कर्णक्ष्वेडही आहे, त्यात वेणूसारखा (बासरीसारखा) नाद. माझा दुसऱ्याच्या जवळचा वाटतो. इतक्या जुन्या काळी कोणीतरी पेशंटला 'कसा आवाज येतो?' असं नीट विचारून लिहून ठेवलंय, हे वाचून मला फार धीर आला. घरच्यांना तर आवाज ऐकूच येत नाही, त्यांना तरी कसं सांगणार?

आता प्रश्न. पडदा शाबूत असेल तर वैद्यांकडून कर्णपूरण (कानात कोमट तेल भरून ठेवणं) करून घ्यावं का, आणि आवाज नाही गेला तरी झोप सुधारते का? सारिवादी वटी (आयुर्वेदिक गोळी) बऱ्याच जणांनी सुचवली, पण मला बीपीची गोळी चालू आहे. आणि पंचवटीत गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात कानासाठी कोणी दाखवलंय का?

– सिडकोकर

प्रतिसाद: निर्गुंडी

दादा, मी वैद्य आहे, विषय शालाक्य, म्हणजे डोळे-कान-नाक-घसा. आधी तपासणी करून घेतलीत हे फार बरं झालं. कर्णपूरण करता येईल, पण त्याच दिवशी कान बघून. स्राव, भोक किंवा सर्दीने कान भरलेला असेल तर तेल नको. तेल कोमट, आधी मनगटावर थेंब टाकून बघायचं. कुशीवर निजायचं, कानामागे हलकं चोळायचं, दहाएक मिनिटांनी टिपून घ्यायचं. लसूण जाळलेलं तेल पुन्हा नको.

मेलेल्या पेशी तेलाने उगवत नाहीत, हे मीही माझ्या पेशंटना सांगते. फरक पडतो तो बहुतेक झोपेत आणि चिडचिडीत. हा वाताचा आजार, म्हणून जागरण आणि उपास आधी बंद. रात्रीचं जेवण आठच्या आत, झोपताना तळपायांना तूप किंवा तिळाचं तेल. अणुतेलाचं नस्य (नाकात थेंब सोडणं) वैद्यांना विचारून, पण जेवणानंतर, अंघोळीनंतर लगेच किंवा सर्दी-तापात नाही. सारिवादी वटीत लोह आणि अभ्रक भस्म असतं, मनाने सुरू करू नका, चालू गोळ्यांची यादी दाखवा. गुडघ्यासाठी वगैरे पेनकिलर घेत असाल तर तेही सांगा, ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनेही कान वाजतात.

पंख्याऐवजी मोबाइलवर पावसाचा आवाज बारीक लावून बघा. कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमीच ठेवा, झाकून टाकायचा नाही. मेंदूला दोन्ही ऐकू येत राहिले तर सवय लवकर होते.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल, तर तेल राहू द्या, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा. तिथे उशीर महाग पडतो.

सिडकोकर:

निर्गुंडीताई, मनापासून आभार. 'झाकून टाकायचा नाही' हे कोणीच सांगितलं नव्हतं, मी तर पंखा त्यासाठीच लावत होतो. बीपीची गोळी टेल्मिसार्टन आहे, पेनकिलर नाही. ऑडिओमेट्रीचा कागद घेऊन सोमवारी गणेशवाडीला जातो. एकच विचारायचं राहिलं. माझी पहिली पाळी सकाळी सातची, मशीनपाशी तेलाची वाफ आणि धूळ असते. नस्य सांगितलंच तर ते करून लगेच तिथे उभं राहिलं तर चालेल का, की सुट्टी टाकूनच सुरू करू?