छोट्या डाळमिलच्या मशीनला इम्पोर्ट ड्युटी माफ का नाही?

तूरवाला_उदगीर
रामराम मंडळी. उदगीरजवळ माझी छोटी डाळमिल आहे. निवडायला पाच बाया. सुपात डाळ घेऊन टरफल चिकटलेला काळा दाणा वेचायचा. दुपारनंतर डोळे थकतात अन् काळे दाणे तसेच कट्ट्यात जातात. मग लातूरचा व्यापारी मूठभर डाळ तळहातावर पसरतो, बोटानं चार दाणे बाजूला सारतो, काही बोलत नाही आणि क्विंटलला दीडशे रुपये कापतो.

म्हणून चीनहून सॉर्टेक्स, म्हणजे रंग बघून खराब दाणा बाजूला काढणारं मशीन, आणायचा विचार आहे. भाडं-विमा धरून ८ लाख. सीएचएनं (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटनं) हिशोब दिला: साडेसात टक्के बेसिक ड्युटी ६०,०००, त्यावर दहा टक्के सरचार्ज ६,०००, आणि सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १,५५,८८०. म्हणजे मशीन मिलच्या दारात यायच्या आधीच २,२१,८८० गेले!

इकडं बर्मा-मोझांबिकची तूर बिनड्युटीची उतरते. अमेरिकेत सुद्धा टॅरिफ वाढल्यावर तिथल्या यूएस चेंबर ऑफ कॉमर्सनं ३० एप्रिल २०२५ ला छोट्या आयातदारांना सूट द्या म्हणून सरकारला पत्र लिहिलं. आपल्याकडं उद्यम नोंदणीवाल्या सूक्ष्म उद्योगाला माफी द्यायला काय हरकत आहे? का एखादी स्कीम आहे अन् मलाच माहीत नाही?

चलनवाला
तुमचं दुखणं ड्युटीत नाही, आयजीएसटीत आहे. ६६,००० गेले ते गेले. दीड लाखाचं मात्र क्रेडिट मिळायला पाहिजे होतं, म्हणजे विक्रीवर भरायच्या जीएसटीतून ते वजा व्हायला हवं. पण तुम्ही डाळ ५० किलोच्या कट्ट्यात विकता ना? ती करमाफ, आणि करमाफ मालावर क्रेडिट नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटाला ५ टक्के लागतो. त्याच दिवशी धान्य-डाळी निवडायच्या मशीनचा दर ५ वरून १८ झाला, हे कुणाच्या फारसं ध्यानात नाही. थोडी डाळ पाकिटात घाला, त्या प्रमाणात क्रेडिट मिळेल.

स्कीम ईपीसीजी आहे, निर्यात करणाऱ्याला बिनड्युटी मशीन आणू देणारी. पण वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत दाखवावी लागते. दुबईला डाळ पाठवता का? नाही ना, मग सोडा.

जुना_एमआयडीसीवाला
जीएसटीच्या आधी एक्साइज होतं तेव्हा छोट्या कारखान्याला दीड कोटीच्या उलाढालीपर्यंत माफी होती. मी डोळ्यानं बघितलंय: एकच शेड, मधे पत्रा. अलीकडं बायकोच्या नावचा कारखाना, पलीकडं मेव्हण्याच्या. मीटर दोन, फोरमन एक. मग क्लबिंगच्या, म्हणजे दोन्ही कारखाने एकच धरायच्या, नोटिसा आणि पुढं दहा-दहा वर्षं केस.

इम्पोर्टला अशी माफी दिली तर मुंबईचा एखादा एजंट तुमच्याच उद्यम नंबरवर वीस मशीन उतरवेल आणि तुमच्या हातावर पाच हजार टेकवेल. ड्युटी मालावर बसते, मालकाच्या ऐपतीवर नाही. त्यात १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे १० कोटी उलाढालीपर्यंत. आपल्या मार्केट यार्डातले निम्मे शेठ सूक्ष्म निघतील. (मीही त्यातच आहे म्हणा.)

माझं मत, सूट द्यायची तर मशीनला द्या. सॉर्टेक्सवरचा दर उतरवा, मग आणणारा छोटा असो का मोठा.

औसेकर_शेतकरी
मशीनला सूट मागा भाऊ, आमची ना नाही. पण बिनड्युटीच्या तुरीचं उदाहरण देऊ नका, जखमेवर मीठ बसतं. २०२४-२५ ला हमीभाव ७,५५० होता, मी ७,००० नं घातली. काटा होईपर्यंत ट्रॅक्टरवर बसून होतो. मार्च २०२३ ला अख्ख्या तुरीवरची १० टक्के ड्युटी काढली, तेव्हापासून ती परत लावा म्हणून आम्ही ओरडतोय. तुम्हाला उतरवायची, आम्हाला चढवायची.

तूरवाला_उदगीर
औसेकर, बरोबर आहे तुमचं. माझी निम्मी तूर तुमच्याच भागातली असते, पण भाव पडला की मलाही बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

चलनवाले, पाकिटाचं डोक्यात बसलं. रात्री घरी सांगितलं तर बायको म्हणाली, निवडणाऱ्या बायांना पॅकिंगला घ्या, घरी नका बसवू. एक किलोच्या पाकिटाचं सीलिंग मशीन केवढ्याला पडतं? कुणी वापरत असेल तर सांगा, पायानं दाबायचं चाललं तरी चालेल.