फैजपूरला फेटाळलेला कायदा १९५० मध्ये मागच्या दाराने परत आला का?

तापीकाठ, जळगाव
डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच, अध्यक्ष नेहरू. तिथे दोन गोष्टी ठरल्या: १९३५ चा कायदा (इंग्रजांनी केलेला भारत सरकार कायदा) साफ नामंजूर, आणि प्रौढ मतदानाने निवडलेली घटना समिती हवी. प्रत्यक्षात काय झालं? १९४६ ची घटना समिती निवडली प्रांतिक विधिमंडळांनी, आणि ती विधिमंडळं स्वतःच ३५ च्या कायद्याच्या मर्यादित मताधिकारावर आलेली. केंद्र, राज्य आणि सामायिक अशा विषयांच्या तीन याद्या त्या कायद्यातूनच उचलल्या. त्यातल्या कलम ९३ खाली गव्हर्नर प्रांताचा कारभार हातात घेऊ शकत होता, त्याचंच आपल्याकडे ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवटीचं कलम, झालं. ग्रामपंचायत तर मसुद्यात नव्हतीच. नोव्हेंबर १९४८ मध्ये के. संथानम यांच्या दुरुस्तीने ती कलम ४० मध्ये शिरली, तेही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात दाद नाही. गाव, तालुका, जिल्हा असं खालून बांधायला हवं होतं. आपण आधी छप्पर घातलं आणि पाया खणायला १९९३ मध्ये, ७३ व्या दुरुस्तीने, सुरुवात केली.

जुना कारकून, धुळे
खालून बांधा म्हणणं सोपं शे भो. पण बांधणार कोण होतं? ४७ साली आयसीएसमधले (वरिष्ठ सनदी सेवेतले) इंग्रज निघाले, काही जण पाकिस्तानात गेले, निर्वासितांचे लोंढे चालू, पाचशेच्या वर संस्थानं विलीन करायची, त्यात धान्याची टंचाई. अशा वेळी जुने कायदे एका फटक्यात पुसले तर दुसऱ्या दिवशी पोलिसाने कोणत्या कलमाखाली गुन्हा नोंदवायचा आणि वसुली कशाच्या आधारावर करायची? म्हणून कलम ३७२: बदल होईपर्यंत जुने कायदे चालू. ३५ चा कायदा मात्र कलम ३९५ ने नाव घेऊन रद्द केला.

क्रम नीट बघा. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली, पण त्याच दिवशी सगळी लागू केली नाही. नागरिकत्वाची, निवडणूक आयोगाची आणि हंगामी संसदेची कलमं लगेच लागू झाली, बाकीची बहुतेक २६ जानेवारीला. कारण उघड आहे: नागरिक कोण ते ठरल्याशिवाय मतदार ठरत नाही, आणि मतदार ठरल्याशिवाय सरकार निवडता येत नाही. मतदार याद्यांचं काम तर १९४८ पासूनच, घटनेवर चर्चा चालू असताना, हाती घेतलं होतं. १७ कोटींहून जास्त नावं, आणि लिहिणारी माणसं जुन्याच यंत्रणेतली. ती मोडली असती तर ५१-५२ ची निवडणूक झालीच नसती.

आणि गावाचं म्हणाल, तर १९४८ मध्ये गावात सत्ता कोणाच्या हाती होती? वतनदारांच्या. महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतनं गेली १९५८ च्या कायद्याने, महसुली पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने. त्याआधी गावाला राज्य देणं म्हणजे पाटलाच्या वाड्याला देणं. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला खेड्याबद्दल इतकं कडक बोललं ते उगाच नाही.

तापीकाठ, जळगाव
वतनाचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण तुमच्याच त्या मतदार यादीतून सुमारे २८ लाख बायका गळाल्या, 'अमक्याची बायको' एवढीच नोंद होती म्हणून. आणि ३५६ चं उत्तर राहिलंच. सातबारा चालू ठेवायला राष्ट्रपती राजवट कशाला लागते?

जुना कारकून, धुळे
ती नावं पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी जाणूनबुजून काढायला लावली. तशीच चालवून घेतली असती तर पुढच्या यादीतही बाई बिनानावाचीच राहिली असती. ३५६ बद्दल वाद नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापर्यंत ते कलम हवं तसं वापरलं गेलं.

सातपुडा, धडगाव
तुम्ही दोघे सपाटीवरचं बोलताय. ३५ च्या कायद्यात पश्चिम खानदेशातलं अक्राणी, तळोदा, नवापूर, शहादा हे 'अंशतः वगळलेले' प्रदेश होते. प्रांताचा कायदा तिथे लावायचा की नाही ते गव्हर्नर ठरवणार. १९५० मध्ये घटनेत आदिवासी भागांसाठी पाचवी अनुसूची आली, तरी हे ठरवणं राज्यपालाकडेच राहिलं. ग्रामसभेला गौण वनोपजावर (डिंक, मध, तेंदूपानं अशा वनमालावर) हक्क देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. डोंगरात तरी जुना सांगाडा गरजेपेक्षा फार जास्त काळ टिकला. इथे वतनदार पाटील आडवा होता असंही सांगता येत नाही.

लेखाशीर्ष, अमळनेर
घटनेची कलमं राहू द्या, गावात बसतं कोण ते बघा. तलाठी महसूलचा, त्याचा साहेब तहसीलदार. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा, त्याची बदली आणि चौकशी वरून. सरपंच निवडून येतो, पण या दोघांपैकी एकाचाही गोपनीय अहवाल त्याच्या हातात नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा आपल्या राज्याने कलेक्टरला त्यातून बाहेर ठेवलं, हे चांगलंच केलं. शाळा, दवाखाने, लहान पाटबंधारे परिषदेकडे आले. जमीन आणि महसूल मात्र कलेक्टर कचेरीतच राहिले.

पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे (२०२१-२६) ८० टक्के ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला होते. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. दहा लाख आले तर चारच लाखांवर ग्रामसभेला खरा निर्णय घेता यायचा, त्यातूनही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हता. घरपट्टी वसूल होत नसेल तर दिवाबत्तीचं बिल थकणारच.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, पण कलम २४३-जी राज्याला ते देण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही. निवडणूक मुदतीआधी घ्यायची सक्ती २४३-ई मध्ये आहे, तरी मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. सक्ती मोडली तर काय, ते कलम सांगत नाही.

जुना कारकून, धुळे
ग्रामसेवक सरपंचाच्या हाताखाली दिला तर गावातल्या भाऊबंदकीत त्याचं काय होईल याचा विचार केलाय का, आप्पा? खोट्या ठरावावर सही नाही केली की पगार अडला. नेमणूक आणि पगार जिल्ह्याकडेच ठेवा, फक्त अहवालात सरपंचाचा शेरा सक्तीचा करा.

तापीकाठ, जळगाव
नुसत्या शेऱ्याने काम भागत नाही. रजा मंजूर करणं आणि हजेरी सरपंचाकडे द्या, बदली जिल्ह्याकडे राहू द्या.