‘काटा’ शोधला की ‘कोटा’ येतो, मदतीची पानं सापडावीत कशी?

संकलनवाली
कोल्हापूर भागातल्या गावच्या दूध संस्था जे संकलन सॉफ्टवेअर वापरतात, त्याची मराठी मदत मी लिहिते. १४० पानं झालीत. मोबाईल ॲपमध्येच ठेवलीत, कारण पहाटे संकलनाच्या वेळी गावात नेटचा भरवसा नसतो. शोध एसक्यूलाइट या फोनमधल्याच डेटाबेसच्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या सोयीवर चालतो.

गेल्या आठवड्यात सकाळी सहाला एका सचिवांचा फोन आला. “मॅडम, काट्याचं वजन स्क्रीनवर येईना, रांग लागलीय.” मी म्हटलं, मदतीत ‘काटा’ टाकून बघा. त्यांनी टाकला. वर आलं ‘पशुखाद्याचा कोटा भरणे’. त्यांना हवं होतं ते पान आमच्याकडे आहे, पण त्याचं नाव ‘सीरियल पोर्ट कॉन्फिगरेशन’ (म्हणजे काट्याची वायर जिथे लागते त्या जागेची सेटिंग), आणि आत सगळीकडे ‘वजनयंत्र’. शेवटी वायर काढून परत बसवायला सांगितलं आणि वजन आलं. तोवर पंधरा-वीस जण किटल्या घेऊन ताटकळत होते. मला फार लागलं ते. पान लिहून उपयोग काय, माणसाला ते सापडलंच नाही तर?

नावं तर बदलतेच. पण काट्याऐवजी कोटा का यावा? आणि ‘काट्याचं’, ‘काट्यावर’ असं टाकलं तरी पान यायला हवं. कुणी मराठीसाठी हे केलंय का?

मात्राकाना
कोट्याचं कारण नक्की सांगतो, मी यात दोन दिवस घालवलेत. एफटीएस५ चा नेहमीचा युनिकोड६१ टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक शब्दात धरतो. आपला काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही युनिकोडमध्ये ‘मार्क’ या वर्गात येतात, म्हणून तिथे तो शब्द तोडतो. ‘काटा’चे झाले ‘क’ आणि ‘ट’. ‘कोटा’चेही तेच. ‘पाकीट’ आणि ‘मार्केट’च्या पोटातही तेच दोन तुकडे आहेत, तीही पानं येत असणार बघा. शोधाचं टेबल बनवताना कॅटेगरीज या सेटिंगमध्ये एमएन आणि एमसी हे मार्कचे दोन वर्ग वाढवा आणि इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची शब्दांची यादी, नव्याने बांधा.

दुसरी गोष्ट. तुमच्याकडे दूध तपासणारं यंत्र, ॲनालायझर, असणारच. तो शब्द काही कीबोर्डवर एकाच ‘ॲ’ने उमटतो, काहींवर ‘अ’ आणि वर चंद्र अशा दोन खुणांनी. डोळ्यांना सारखाच, मशीनला वेगळा, आणि सारखी दिसणारी रूपं एक करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवूनही दोन्ही एक होत नाहीत. कधी मध्ये अक्षरं जोडणारी न दिसणारी खूण (जॉइनर) असते, तीही शब्द तोडते. पान इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

विभक्तीसाठी मी मोठं काही केलं नाही. आधी चा-ची-चं, ला, ने, वर, मध्ये वगैरे काढायचे, मग शेवटचा काना-वेलांटी किंवा ‘्या’ काढायचा आणि उरलेल्यावरून सुरू होणारे शब्द शोधायचे. ‘काट’वरून काटा, काटे, काट्याचं सगळं येतं. ‘काटकसर’ही येईल, पण दूध संस्थेच्या मदतीत ती कितीशी असणार!

खिडकी_क्र_३
पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचे फोन मी नऊ वर्षं घेतेय. ताई, शब्द तुम्ही आलेले फोन लिहून ठेवता त्या वहीतच आहेत. लोक ‘मुद्रण’ शोधत नाहीत, ‘प्रिंट निघेना’ शोधतात. ‘जतन करा’ नाही, ‘सेव्ह’. आम्ही फोन आला की समोरच्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवायचो आणि तेच पानाच्या नावात घ्यायचो. पडद्यावर जो एरर येतो तोही अक्षर न् अक्षर पानात हवा, कारण घाबरलेला माणूस तेवढंच टाईप करतो.

आणि ज्या शोधाला एकही पान मिळालं नाही ते शब्द फोनमध्ये साठवा, नेट आल्यावर तुमच्याकडे येऊ देत. रोमनमधलं ‘काटा’, ‘बिल’सुद्धा त्यात दिसेल.

संकलनवाली
मात्राकाना, अगदी तेच होतं. ‘मार्केट’ नाही, पण ‘उत्पादकाचं पाकीट छापणे’ खरंच येत होतं! आमच्याकडे ॲप बघणाऱ्या मुलाने दोन वर्ग वाढवून इंडेक्स बांधला आणि कोटा गेला. विभक्तीचं काम चालू आहे.

ताई, काल वही घेऊन बसले. ‘फॅट लागत नाही’ हे वाक्य अकरा वेळा होतं. आमच्या पानाचं नाव होतं ‘गुणप्रत नोंद त्रुटी’. आता नाव ‘फॅट लागत नाही, एसएनएफ येत नाही’ (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). ‘देयक कालावधी’चं केलं ‘दहा दिवसांचं बिल’. ‘काट्याचं वजन येत नाही’ हे पान सगळ्यात वर, आणि त्याची पहिली ओळ: वायर काढून परत घट्ट बसवा. पोर्टचं सगळं त्याखाली.

त्या सचिवांनाच आज नवीन ॲप पाठवलं. त्यांनी टाकलं ‘काटा बंद’. पान आलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न, “मॅडम, बोलून शोधता येईल का? हाताला दूध असतंय.” नेट नसताना मराठी बोलणं ओळखणारं काही कुणी वापरलंय का?