जर्मनीला चाललोय, खाण्यापिण्याचं कसं करू? सोलापूरकरांनो सल्ला द्या

सातरस्ता_गल्ली:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर माग्देबुर्गला मास्टर्सला निघालोय. होस्टेलला रूम मिळाली पण किचन चौघांत एक आहे. मला चहा, मॅगी आणि अंडं सोडून काही येत नाही आणि घरात रोज नवीन पिशवी येऊन पडलालीय, शेंगाचटणी, काळं तिखट, कडक भाकऱ्या, आत्याचे पेढे, आता काकी म्हणतेय चादर ने. बॅग 23 किलोचीच आहे हे कुणी ऐकूनच घेईना. काय न्यायचं, काय नाही, आणि या महिन्याभरात आईकडनं काय काय शिकून घेऊ? भाकरीचा विषय काढला तर आज्जी नुसती हसली.

बाळीवेसकर:
मी श्टुटगार्टला असतो. पहिलं म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर यातलं काहीच बॅगेत टाकू नको, भारतातनं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, कस्टमवाल्यानं बॅग उघडली की सगळं जातं. ताजा कढीपत्ता, लिंबू, आंबा यालाही सर्टिफिकेट लागतं, त्यामुळं कढीपत्ता घरीच सावलीत वाळवून मसाल्यात कुटून घे. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानातच घेत नाहीत, तेलकट असतं आणि पेट घेतं म्हणून. म्हणजे खोबरं घालायचं ते आईला आधीच काळ्या तिखटात घालायला सांग. आणि तिखट, मसाले, लोणचं सगळं चेक-इनला, केबिनच्या बॅगेत ठेवलंस तर मुंबईलाच काढून ठेवतील. चादर राहू दे, तिथं खोलीत हीटर असतो.

हुग्गी_प्रेमी:
एवढं टेन्शन कशाला बे. युनिव्हर्सिटीची मेन्झा म्हणजे कँटीन असते, स्टुडंट रेटमध्ये गरम जेवण मिळतं. ब्रेड, चीज, केळी खा आणि अभ्यास कर. जर्मनीला जाऊन आमटीच खायची तर सोलापूर काय वाईट होतं?

चपातीवाली:
@हुग्गी_प्रेमी दुपारचं ठीक आहे ओ, रात्री काय? शनिवार-रविवार मेन्झा बऱ्याच ठिकाणी बंद असते आणि रविवारी दुकानंसुद्धा बंद, सुपरमार्केटपण. शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरलं नाहीस तर रविवारी स्टेशनवरचं महाग सँडविच खात बस.
दादा, तू पंधरा पदार्थ शिकायला जाऊ नको, काही राहात नाही डोक्यात. फोडणी शीक. तेल किती तापलं की मोहरी टाकायची, लसूण कधी काढायचा, हळद-तिखट जळायच्या आत पाणी कसं मारायचं. एवढं हाताला बसलं की वरण, बटाटा, कोबी, पालक, पिठलं सगळं त्याच रस्त्यानं जातं. मग कुकरचा भात आणि कणीक मळणं. तिथल्या सुपरमार्केटात तूरडाळ नसते पण लाल मसूर सगळीकडे असते, भिजवायचीपण गरज नाही, पंधरा-वीस मिनिटांत शिजते, त्यात काळं तिखट आणि लसणाची फोडणी घातली की भाताबरोबर झकास लागते. तुपाला बुटरश्माल्त्स म्हणून डबा मिळतो, तेच आपलं तूप समज. पीठ घेताना 405 नंबरचं एकटंच घेऊ नको, तो मैदा आहे. फोलकॉर्न म्हणजे सगळ्या कोंड्यासकट, त्याच्या एकट्याच्या चपात्या जाड होतात, दोन्ही निम्मं निम्मं मिसळ.

सातरस्ता_गल्ली:
थँक्यू ताई. पण भाकरी? तिथं गॅस नाही म्हणे, काचेची शेगडी असते. आणि ज्वारी मिळते का?

बाळीवेसकर:
आता आलास मुद्द्यावर. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं. सुपरमार्केटात हिर्से म्हणून पिवळं बारीक धान्य दिसेल, ते ज्वारी समजून उचलू नको, ते वरईच्या जातीतलं आहे. अडचण अशी की स्टोअरचं पीठ कधी दळलंय ते देव जाणे, ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही आणि पीठ जुनं झालं की उरलीसुरली विरीपण जाते, मग मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी थापताना चिरा पडणारच. त्याला उपाय म्हणजे उकड. पाण्याला चांगली उकळी आणायची, गॅस बंद, म्हणजे तिथं शेगडी बंद, त्यात पीठ टाकून झाकायचं, दहा मिनिटांनी हाताला सोसेल तसं भरपूर मळायचं. इथं आळस केलास की संपलं. थापायला येत नसेल तर सरळ लाटून घे, आज्जी काय बघायला येत नाही.
फुगायचं म्हणशील तर पाणी लावलेली बाजू सुकत आली की उलटायची, दुसरी बाजू पूर्ण भाजायची, मग परत उलटून तव्यावरच फडक्यानं कडेकडेनं दाबायची, फुगते. लोखंडी तवा काचेवर ठेवायचा तर उचलून ठेव, घासत सरकवला की चरे पडतात आणि घर सोडताना डिपॉझिटमधनं कापतात. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालतच नाही, स्टीलचा इंडक्शन बेसवाला तीन लिटरचा घे, त्यातच चड्डी-बनियन भरून टाक, जागा वाया जात नाही.

हुग्गी_प्रेमी:
एवढा कुटाणा करण्यापेक्षा कडक भाकरी ने की. वजनाला हलकी, महिनाभर काय होत नाही.

चपातीवाली:
हे मात्र बरोबर बोललात 😄 फक्त डब्यात घाला, पिशवीत नेली तर उतरल्यावर चुराच मिळेल. चुरा झाला तरी आमटीत घालून खाता येतोच म्हणा.

अक्का_मंगळवारपेठ:
बाळा, चटणी किती नेशील, दोन महिन्यांत संपते आणि तेलाचा वास यायला लागतो. करायला शीक. माझा मुलगा बाहेर राहतो, तो तिथले डब्यातले भाजलेले खारे दाणेच वापरतो, मग वरनं मीठ घालायचं नाही. दाणे, लसूण, जिरं, तिखट. मिक्सर सलग फिरवू नको. थांबत थांबत फिरव, दाण्याला तेल सुटून गोळा व्हायला लागला की बस. खलबत्त्यात चव वेगळीच येते पण दगडाचा खलबत्ता काय विमानात न्यायचा नाही. आपला मिक्सर तिथं चालतो म्हणे, फक्त पिन वेगळी लागते.

बाळीवेसकर:
हो अक्का, करंट तिथंही 230 व्होल्टच आहे, ॲडॉप्टर लावला की चालतो. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र नेऊ नये, तिथं 120 असतं.
आणि फोडणी देताना खिडकी उघडी आणि किचनचं दार बंद ठेव. दार उघडं राहिलं की धूर पॅसेजमध्ये जातो आणि स्मोक अलार्म बोंबलतो, रात्री अकराला अख्खं होस्टेल खाली उभं राहतं. मिरच्या तळायच्या असल्या तर आधी बाकीच्या तिघांना सांग, ठसका सगळ्यांनाच लागतो.

सातरस्ता_गल्ली:
लई भारी माहिती मिळाली. शेवटचं विचारतो, माग्देबुर्गला इंडियन सामान नीट मिळालं नाही तर?

चपातीवाली:
आधी टर्किश दुकान शोध. भेंडी, वांगी, कोथिंबीर, पुदिना, हिरव्या मिरच्या, काबुली चणे सगळं असतं आणि सुपरमार्केटपेक्षा कोथिंबिरीची जुडी चांगली मोठी देतात. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ ऑनलाइन मागव, नाहीतर रिजनल ट्रेननं बर्लिनला जा, थेट गाडी आहे, रिकामी सॅक घेऊन जा. फक्त शनिवारी जा.