बाबांच्या ४१२ कॅसेट: संगणकावर कशा उतरवाव्यात आणि कुठे ठेवाव्यात?

मेघना_चिपळूण
नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. ते शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या साठीशांतीला आसपास कुठेही गाणं असलं की बाबा साथीला, आणि त्यांच्या मांडीशेजारी टेपरेकॉर्डर. १९७८ ते २००१ या काळातल्या ४१२ कॅसेट आहेत. साठेक बाजारातून आणलेल्या, पन्नासेक रेडिओवरून भरलेल्या, बाकी सगळ्या घरगुती बैठकींच्या. २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतली पुस्तकं, फोटो, तंबोरा, सगळं गेलं. पाणी चढायला लागलं तेव्हा पेटी तेवढी वर नेता आली. कॅसेट आधीपासूनच माळ्यावर होत्या, म्हणून राहिल्या.

परवा त्यांची ट्रंक उघडली. काही कॅसेटच्या खिडकीतून पांढरट बुरशी दिसते आहे. कार्डांवर बाबांचं बारीक अक्षर: 'पू. ध., वि. ए., काळी १', म्हणजे पूरिया धनाश्री राग, विलंबित एकताल, पट्टी काळी एक. एकावर नुसतंच 'पाऊस. दुसरा राग उत्तम.' तारीख नाही, गाणाऱ्याचं नाव नाही.

कॅसेट वाजवायला काय घ्यावं? कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवावं? पाचशे तासांच्या आसपास आवाज आहे, त्याला किती जागा लागेल? मी बँकेत आहे, सात वाजता घरी येते, रात्रीचे दोन-अडीच तास देऊ शकते. पंचवीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. पुन्हा पूर आला तरी हे जायला नको, एवढंच डोक्यात आहे.

टेपडेक
मेघनाताई, सगळ्यात आधी: बुरशीची एकही कॅसेट वाजवू नका. ती बुरशी हेडला लागते आणि मागून लावलेल्या चांगल्या कॅसेटवर जाते. त्या आजच वेगळ्या डब्यात काढा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, कोरड्या जागी ठेवा. हाताळताना तोंडाला मास्क लावा. त्यांच्याकडे शेवटी वळायचं.

थेट संगणकाला जोडायचे यूएसबी कॅसेट प्लेयर स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. त्यांचा वेग डळमळतो आणि लांब धरलेला षड्ज हलतो. जुना चांगला डेक शोधा, ज्याच्या मागे लाल-पांढरी लाइन-आउटची भोकं आहेत. रबरी बेल्ट नवे घालून घ्या, हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर चार-पाच कॅसेटनंतर परत पुसा. तिथून दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज संगणकाला समजेल असा करणारी डबी) आणि तो संगणकाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, तिथे आवाज फाटतो आणि बहुधा दोन्ही चॅनेल एक होऊन जातात.

आता ज्याच्याकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत ते सांगतो. प्लेबॅक हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. हेड टेपला बरोबर काटकोनात आहे की नाही ते त्याच्यावर ठरतं. बाबांचा टेपरेकॉर्डर २३ वर्षांत दोन-तीनदा तरी बदलला असणार, आणि प्रत्येकाचा कोन निराळा. कॅसेट लावा, आवाज मोनो करा, तानपुरा चालू असेल तिथे थांबा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू अगदी किंचित, पाव फेऱ्याहूनही कमी, इकडे-तिकडे फिरवा. एका जागी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, एकदम उघडते. तिथे सोडायचं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा जी कॅसेट वीस वर्षं 'खराब' म्हणून बाजूला होती तिच्यातून तबल्याची चाट स्वच्छ ऐकू आली. प्रत्येक कॅसेटला हे करा. दोन मिनिटं लागतात.

टेपच्या मागचा फेल्टचा तुकडा गळला असेल तर आवाज दबका आणि तुटक येतो. पाच स्क्रूवाली कोरी कॅसेट उघडून दोन्ही चकत्या टेपसकट तिच्यात घाला. चिकटवलेली कॅसेट असेल तर कडेने जपून उकलावी लागते. वाजवण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून मोकळी करा.

सतीश_ना
जागेचा हिशेब. ऑडॅसिटी हे आवाज भरायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ भरा. तसा कच्चा आवाज तासाला साधारण १ जीबी होतो. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये ठेवला तर आवाजातला कणही न गमावता साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे ५०० तास साडेतीनशे जीबीच्या आसपास. एक टीबीची डिस्कसुद्धा अर्धी रिकामी राहील. त्यासाठी महागड्या नॅसची (नेटवर्कवर जोडायच्या साठवणयंत्राची) गरज नाही, पैसे डेक आणि इंटरफेसवर घाला. भरताना सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

९६ किलोहर्ट्झवर भरा असं कुणी सांगेल. कॅसेटमध्ये तेवढं नसतं, फाइल मात्र दुप्पट.

आणि बाजारातल्या साठ कॅसेट शेवटी ठेवा. त्यांतल्या बहुतेकांच्या सीडी निघाल्या असतील, त्या आपल्यापेक्षा चांगल्या प्रतीवरून झालेल्या असतात. घरच्या बैठका जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

आवर्तन
बाहेर देऊन करून घेण्याचा विचार असेल तर माझा अनुभव वाचा. २०१४ मध्ये मामांच्या ८० कॅसेट एका दुकानात दिल्या. परत आल्या त्या १२८ च्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या, एमपी३ फाइली, खरखर काढून 'साफ' केलेल्या. खरखरीबरोबर तानपुराही गेला. गाणाऱ्याच्या दोन ताना थांबल्या की मध्ये पोकळी ऐकू येते. मूळ कॅसेटही तोवर त्यांनी टाकून दिल्या होत्या, 'आता कशाला हव्यात' म्हणून. माझ्याकडे त्या आवाजाचं जे उरलं आहे ते एवढंच.

म्हणून कच्ची फाइल जशी आली तशी कायम ठेवा. साफसफाई करायची ती तिच्या प्रतीवर. आणि कॅसेट फेकू नका.

मेघना_चिपळूण
मनापासून आभार. डेक मिळाला, बेल्ट घालून घेतले. पहिल्या सहा कॅसेट उतरवल्या. जवारीचं म्हणालात ते अगदी खरं, अंगावर काटा आला.

एक अडचण. दोन कॅसेटमधला आवाज चढा वाटतो आहे. कार्डावर 'काळी १' आहे आणि ऐकू येतं ते पांढरी दोनच्या जवळ. माझा कान कच्चा आहे की टेप धावते आहे?

काळीचार
कान कच्चा नाही. काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर म्हणजे अर्धा स्वर, वेगात साधारण ६ टक्के. रेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरलेले असतील तर भरताना टेप हळू फिरते. आज बरोबर वेगाने वाजवली की सगळं चढतं आणि पळतं.

वेग तपासायला लोक विजेच्या गुणगुणीचा आधार घेतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ती गुणगुण टेपवर उमटते. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारितेला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढायचा, ती ५२ वर दिसली तर टेप ४ टक्के जोरात आहे. पण त्या काळी विजेची वारंवारिताही खाली-वर व्हायची, आणि वाजवणाऱ्या डेकची स्वतःची गुणगुण नेमकी ५० वर असते, तिच्याशी गल्लत होते. सेलवरच्या टेपवर तर ती बहुधा नसतेच.

तुमच्याकडे याहून चांगलं माप घरात आहे. टेपवर वाजते आहे ती बाबांची पेटी, आणि तीच पेटी तुम्ही पुरातून वर नेलीत. काळी एक दाबून फोनवर भरा, टेपवरच्या पेटीशी जुळवा. सूर थोडे हलले असतील, तरी याहून जवळचं काही मिळणार नाही. अर्धा स्वर उतरवायचा तर वेग उणे ५.६ टक्के करायचा. वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट वापरा, नुसता सूर बदलणारा नको, नाहीतर लय चुकीचीच राहील.

वसुधा_ठाणे
मेघना, इथे सगळे यंत्राबद्दल सांगताहेत आणि सगळं बरोबर आहे. मला वेगळंच सांगायचं आहे.

माझ्या वडिलांच्या ११० कॅसेट मी अशाच नीट, दोन वर्षं लावून उतरवल्या. वेग, सूर, सगळं चोख. मग नावं घालायला बसले. तोवर आई गेली होती, आणि वडिलांबरोबर तबल्याला बसायचे ते काका कुणाला ओळखत नव्हते. माझ्याकडे आज ६० फाइलींची नावं 'अनोळखी स्त्रीस्वर, भीमपलास' अशी आहेत. त्यातली एक बाई इतकी सुंदर गाते की मी ती रेकॉर्ड आठवड्यातून एकदा लावते. ती कोण होती ते मला आता कधीच कळणार नाही.

टेप अजून पाच वर्षं टिकेल. आई असतील तर उद्यापासून डेक बाजूला ठेव आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन त्यांच्याजवळ बस. दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकव. 'कोण गातंय?' असं थेट विचारू नकोस, त्या गोंधळतील. 'हे कुणाच्या घरी झालं होतं? तेव्हा जेवायला काय केलं होतं?' असं विचार. बायकांना बैठक स्वयंपाकघरातून आठवते. बोलणं फोनवर भरून घे. साथीदार हयात असतील तर त्यांच्याकडेही जा, पुढच्या रविवारीच जा.

सतीश_ना
वसुधाताईंना पूर्ण अनुमोदन. ती माहिती ठेवायची कशी ते सांगतो. वहीत आणि एका साध्या तक्त्यात लिहाच, शिवाय फाइलीच्या आतही, टॅगमध्ये, घाला, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी सोबत जाते. एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर फ्लॅकलाही चालतं. कलाकार-अल्बम-गाणं ही चौकट आपल्या संगीताला पुरत नाही. राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबला, पेटी, स्थळ, कुणी ओळखलं, असे रकाने स्वतः तयार करा. रकान्याचं नाव रोमन अक्षरांतच ठेवावं लागतं, आतला मजकूर खुशाल देवनागरीत. मालकंस, मालकौंस यांतलं एकच रूप धरा, नाहीतर शोधताना अर्धे राग हरवतात.

फाइलीचं नाव आखूड ठेवा. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर ठेवलेली लांबलचक नावं पुढे दुसरीकडे कॉपी होताना अडतात. 'कॅसेट क्रमांक, बाजू, राग' पुरे. तोच क्रमांक कॅसेटवर पेन्सिलीने.

साठवण: तीन प्रती. एक चिपळूणला, एक वेगळ्या कंपनीच्या डिस्कवर दुसऱ्या गावी, तिसरी क्लाउडवर. चिपळूणातल्या दोन डिस्क म्हणजे पुराच्या दृष्टीने एकच प्रत. पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी भरून वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका, वीज न मिळता पडून राहिली की त्यांतला मजकूर विरू शकतो. फ्लॅक फाइलीत आवाजाची खूणगाठ आतच असते. वर्षातून एकदा चाचणी चालवली की कुठली फाइल बिघडली ते कळतं.

आवर्तन
नावं लागली की गाणाऱ्यांच्या घरच्यांना विचारून एक प्रत संग्रहालयालाही देता येईल. गुरुग्रामला एआरसीई हे संगीताच्या ध्वनिमुद्रणांचं संग्रहालय आहे, मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र. परवानगीशिवाय इंटरनेटवर मात्र चढवू नका.

मेघना_चिपळूण
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. डेक बंदच ठेवला होता. रोज रात्री आई आणि मी.

आई ७६ ची आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. आता ती स्वतः चष्मा लावून वाट बघत बसते. आतापर्यंत १३१ कॅसेटना नाव, गाव, निदान वर्ष लागलं. तबल्याच्या काकांकडे दोनदा जाऊन आले, त्यांनी स्वतःचं वाजवणं ऐकून चार ठिकाणी 'इथे मी सम चुकलो होतो, लिही' म्हणून लिहायला लावलं.

'पाऊस' कॅसेटही लागली. कौलांवरचा पाऊस ऐकताच आई म्हणाली, ही खेर्डीची, दिवे गेले होते ती रात्र. टेपमध्ये विलंबित चालू असताना खट्ट असा आवाज येतो, आणि पुन्हा सुरू होतं ते वरच्या सुरात. बाबांनी अंधारात सेल घातले होते आणि कुणीतरी गॅसबत्ती पेटवली होती. पेटीवरून माप काढलं. पहिला भाग बरोबर आहे. दुसरा सुरुवातीला ३ टक्के आणि शेवटी जवळजवळ ७ टक्के चढा, सेल उतरत गेले तसा चढत गेलेला. एकच आकडा देऊन तो सरळ होत नाही. काय करू?

काळीचार
ऑडॅसिटीत टाइम ट्रॅक असतो, तो घाला. त्यावरच्या रेषेला बिंदू देऊन वेग जागोजागी बदलता येतो, सूर आणि लय दोन्ही एकदम. दर पाच मिनिटांनी पेटीचा षड्ज तपासा, तिथे बिंदू द्या, रेषा हळूहळू उतरू द्या. कच्च्या फाइलीला हात लावू नका. आणि तो खट्ट आवाज कापू नका, टॅगमध्ये लिहून ठेवा: दिवे गेले, खेर्डी.