एस्टीमला २८४ चा कॅम टाकावा का? रोजचा वापर परतवाडा-अमरावती, रविवारी चिखलदरा

संत्रा_एस्टीम (परतवाडा)

नमस्कार मंडळी. बाबांनी घेतलेली २००४ ची एस्टीम व्हीएक्सआय माझ्याकडे आहे. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर ८५ बीएचपी. टर्बो-बिर्बो नको, इंजिन स्वतःच्या दमावरच राहू द्यायचं आहे. पण जरा जीव यावा असं वाटते.

एका वर्कशॉपवाल्यानं जुनाच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ग्राइंड करून २८४ अंशाचा करून देतो म्हणून सांगितलं, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढे अंश उघडी राहणार. म्हणे वीस हॉर्सपॉवर सहज वाढतात, ईसीयूला (पेट्रोल ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) हात लावायची गरज नाही. दुसरा म्हणतो २५६ च्या वर जाऊ नको.

वापर असा: रोज बगीच्यातून परतवाडा, मोसमात अमरावतीची मंडी, रविवारी मित्रांसोबत चिखलदऱ्याचा घाट. मार्चपासून एसी चालूच. पाचव्या गिअरमध्ये ८० ला आरपीएमचा काटा अडीच हजाराच्या आसपास असतो. सहा हजारावर मी गाडी क्वचितच नेतो, खरं सांगायचं तर.

कोणता घेऊ? आणि सोबत काय काय बदलावं लागते?

वरुडचा_गिअर

टाक बिनधास्त २८४! आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) जो धकधक आवाज येते ना, त्यासाठीच पैसे वसूल. सोबत फ्री-फ्लो एक्झॉस्ट आणि उघडा कोन फिल्टर लाव. माझ्या मित्राच्या झेनला केलं होतं, पाच हजाराच्या वर अशी पळते की बस.

हेडवाला_अकोट

वरुडवाले भाऊ, पाच हजाराच्या वर पळते हे खरं आहे. पण हा माणूस स्वतःच सांगून राह्यला की तो तिथं जातच नाही. मग ती पळणारी गाडी कोणासाठी?

भाऊ, आधी एक प्रश्न त्या वर्कशॉपवाल्याले विचार: २८४ अंश कुठून मोजले? व्हॉल्व्ह सीटवरून जराशी उचलली तिथून, का १ मिलिमीटर लिफ्टपासून? एकाच कॅमचे हे दोन आकडे चाळीस-पन्नास अंशानं वेगळे निघू शकतात. उत्तर देता आलं नाही तर तिथं गाडी सोडू नको.

समज दोन्ही आकडे सारख्याच पद्धतीनं मोजले, इनटेक-एक्झॉस्टचे लोब (कॅमवरचे उंचवटे) सारखेच आणि दोघांमधला कोन १०८. २५६ मध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहतात ४० अंश, यालेच ओव्हरलॅप म्हणतात. २८४ मध्ये ६८ अंश. आयडलला हवेचा वेग कमी असते, तेव्हा या वेळात जळालेला गॅस उलटा इनटेकमध्ये घुसते. तुमच्या 'धकधक' आवाजाचं मूळ तेच. दुसरं त्याहून महत्त्वाचं: पिस्टन तळाला जाऊन वर येऊ लागला की इनटेक व्हॉल्व्ह २५६ मध्ये साधारण ५६ अंशांवर बंद होते, २८४ मध्ये ७० वर. म्हणजे कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलते. जास्त फेऱ्यांवर हवेचाच जोर इतका असते की ती उलटी फिरत नाही, म्हणून तिथं फायदा. अडीच हजारावर मात्र निव्वळ तोटा.

वीस हॉर्सपॉवरचा हिशेब कर. ८५ बीएचपी ६००० ला म्हणजे तिथं टॉर्क सुमारे १०० न्यूटन-मीटर. तेवढाच टॉर्क ७००० पर्यंत टिकवला तर शंभराच्या जवळ जाशील. म्हणजे वीस वाढवायचे तर इंजिनले सात हजाराच्या पुढं श्वास घ्यायले लावा लागते. त्याले कडक स्प्रिंग लागतात, हेडचं पोर्ट काम लागते, आणि कंपनीचा रेव्ह लिमिटर आडवा येते तो वेगळाच. नुसत्या कॅमनं हे होत नाही. अन् १०० न्यूटन-मीटरच ३००० ला धरले तर ४२ बीएचपी होतात. मंडीच्या रस्त्यावर तू त्यातलेच वापरतो.

तळेगाव दशासरच्या शंकरपटातला (बैलांच्या शर्यतीतला) बैल औताले जुंपला तर काय होईल, तेच २८४ चं एसी लावून बाजारात.

एस्टीमच्या या इंजिनात ईसीयू मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवते. मोठ्या कॅमनं आयडलचा व्हॅक्यूम पडला की ईसीयूले वाटते लोड आला, अन् पेट्रोल ओतते. 'ईसीयूला हात लावायची गरज नाही' म्हणणाऱ्याले हे माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल.

आणि चिखलदरा. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालते. घाट उतरताना गिअरमध्ये सोडली तर थ्रॉटल बंद असते, व्हॅक्यूम चांगला मिळते. पण वळणावर समोरून एसटी आली, क्लच दाबला, इंजिन आयडलवर आलं, अन् दोन-तीनदा ब्रेक मारला की पेडल लाकडासारखं कडक होते. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, तिथं हवेचा दाबच दहा टक्क्यांनी कमी. व्हॅक्यूमही त्याच मापानं कमी मिळते.

ग्राइंड केलेल्या कॅमचं एक राहिलं. ग्राइंड म्हणजे लोबवर धातू चढत नाही, पाठीकडून खरवडतात, मग लिफ्ट वाढल्यासारखी होते. त्यानं रॉकर (कॅम अन् व्हॉल्व्हमधली पट्टी) खाली झुकते, व्हॉल्व्हच्या टोकाशी घासण्याची जागा बदलते, आणि वरचा कडक थर किती उरला हे डोळ्यानं कळत नाही. चांगला ग्राइंडर असेल तर काम होते, पण रॉकरचे पॅड सोबतच घासून गुळगुळीत करून घे आणि टॅपेटचं अंतर पुन्हा लाव. पिस्टनच्या डोक्यावर पोरांच्या खेळायच्या मऊ क्लेचा गोळा ठेवून हातानं इंजिन फिरव, व्हॉल्व्ह किती जवळ येते ते पाह्य. स्टार्टर मारून पाहू नको.

अमरावती_पेट्रोलहेड

पीयूसीचं पण बघा हां. सीओ आयडलवरच मोजतात, आणि मोठा कॅम तिथंच घाण करते. शिवाय वीस वर्षं जुनी गाडी, नोंदणी नूतनीकरणाला आरटीओत न्यावीच लागते.

संत्रा_एस्टीम (परतवाडा)

काका, धन्यवाद. २८४ बाद. मग २५६ टाकून कॅमची अ‍ॅडजस्टेबल पुली (कॅम थोडा पुढे-मागे फिरवता येणारी) लावली तर? आणि आता पंपावर सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, त्याचं काय? मिस्त्री म्हणते काही फरक पडत नाही.

हेडवाला_अकोट

पुली घे, पण एक समजून घे. तुझ्या हेडमध्ये कॅम एकच आहे. इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब त्याच्यावरच. पुली फिरवली की दोन्ही एकत्र सरकतात, मधला १०८ चा कोन तसाच राहते. दोन कॅमवाल्या इंजिनात ओव्हरलॅप कमी-जास्त करतात, ते इथं नाही. पुढे सरकवला तर खालचा ओढा वाढते, मागे सरकवला तर वरचा. तुझ्या वापराले दोन अंश पुढे करून पाह्य.

पुलीचा खरा उपयोग हेड फेसिंगनंतर. हेड खरडलं की क्रँक आणि कॅममधलं अंतर कमी होते, बेल्टची ढिलाई टेन्शनर खाते, अन् कॅम थोडा मागे पडते. बरेच मिस्त्री याकडे पाहतच नाहीत आणि मग म्हणतात फेसिंगनं पिकअप गेला.

आता ई२०. फरक पडते, आणि दोन्ही बाजूंनी. ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) रोखायची ताकद, ९५; आधीचं साधं पेट्रोल ९१. म्हणजे कॉम्प्रेशन थोडं वाढवायला जागा झाली. समज तुझं साडेनऊ आहे. दर सिलिंडरमागे ज्वलनकक्षातून साधारण ३ सीसी कमी केले की १०.२ च्या आसपास जाते. रोजच्या फेऱ्यांवर हे काम कोणत्याही कॅमपेक्षा जास्त जाणवेल, कारण दर स्ट्रोकले मिळते. अंदाजानं खरडू नको, चेंबरमध्ये सिरिंजनं तेल भरून मोज.

दुसरी बाजू: साधं पेट्रोल पूर्ण जळायले एका भागाले हवा १४.७ भाग लागते, ई२० चं साडेतेराच्या आसपास. क्रूझिंगले ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेते. पण फुल थ्रॉटलले ईसीयू त्या सेन्सरचं ऐकत नाही, जुन्या मॅपवरच पेट्रोल टाकते. म्हणजे घाटात जोर लावला तेव्हाच मिश्रण पातळ, आणि मे महिन्याच्या ४५ अंशात नॉकिंगले निमंत्रण. म्हणून वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमकं मोजणारा) आधी, कॅम नंतर. मीटर लॅम्ब्डामध्ये ठेव (१ म्हणजे बरोबर मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त), गुणोत्तराच्या आकड्यात फसशील. फुल थ्रॉटलले ०.८८ च्या जवळ आण. २००४ च्या रबराचे इंधन पाइप पण बदल. जुनं रबर इथेनॉल सोसत नाही, अन् एक्झॉस्टच्या वर गळालं तर गाडीच जाईल.

वरुडवाल्या भाऊचा कोन फिल्टर लावू नको. बॉनेटखालची हवा बाहेरपेक्षा वीस अंश गरम धरली तरी सहा टक्के हवा कमी गेली. कंपनीचा डबा आणि पुढून येणारा पाइप तसाच ठेव.

वरुडचा_गिअर

काका, आवाजाचा आनंद पण काही असते की नाही?

हेडवाला_अकोट

असते ना. मधला सायलेंसर बदल, आवाज मिळेल, टॉर्क जाणार नाही.

संत्रावाले, हेड उघडायच्या आधी एक काम कर. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि कॉम्प्रेशन टेस्ट. मग ज्याचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह सीट. चारही आकडे इथं टाक, कॅमचं त्यानंतर ठरवू.